वधूच्या हातात काय असावे?

पुण्यातील कर्वेनगरात राहणारी एक मुलगी विवाहाची तारीख ठरल्यावर आपल्या आईसह आमच्याकडे आली. विधीविषयी जे बोलावयाचे ते बोलून झाल्यावर ती म्हणाली, "पाळकसाहेब, मी हातात फुलांचा गुच्छ घेतला नाही तर चालेल का?" आम्ही हसून म्हणालो, "चालेल, बाळ. त्यात विचारावयाचे काय?" तिने आईकडे पाहिले, आईने मान खाली घातली, आणि दोघी निरोप घेऊन निघून गेल्या. त्या गेल्यावर मात्र तो प्रश्न आम्हांस सोडीना. उत्तर देण्यात आम्ही घाई केली, असे आमचे मन आम्हांस सांगू लागले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस वाटेल की, जगात एवढी दुःखे असता वधूच्या हातातील गुच्छाविषयी कोणी काय लिहावे! परंतु लहान रीती मोठ्या गोष्टी बोलतात. जेथे आपण नित्याच्या सवयीने वागतो, तेथेच आपले खरे मत दिसून येते.

प्रथम हे स्पष्ट करू की, गुच्छ ही काही शास्त्राची आज्ञा नव्हे. विवाहविधीत वचने आहेत, प्रार्थना आहे, साक्षीदार आहेत; गुच्छाचा उल्लेख कोठेही नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा विवाह ता. १० फेब्रुवारी १८४० रोजी झाला, तेव्हा तिच्या मस्तकी नारिंगीच्या मोहराचे वेष्टन होते. तिच्या कारकिर्दीत वधूने शुभ्र पोषाख करून हाती फुले धरण्याची चाल तिकडे दृढ झाली, आणि पुढे ती आमच्या मंडळ्यांतही आली. चाल परकी म्हणून पाप ठरत नाही, आणि साहेबांची म्हणून पवित्रही ठरत नाही. ती घ्यावी की सोडावी, हे आपले आपण विचाराने ठरवावयाचे आहे.

काही सज्जन म्हणतात, गुच्छ म्हणजे उधळपट्टी. तासाभरात कोमेजणाऱ्या वस्तूवर पैसा कशास घालावा? तोच पैसा गरिबास द्यावा. हे बोलणे ऐकण्यास गोड आहे. परंतु ते प्रथम कोणी काढले ते आठवावे. बेथानीच्या घरी मरीयेने तीनशे दिनारांचे, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षाच्या मजुरीचे, सुगंधी तेल एका क्षणात ओतले, तेव्हा गरिबांची आठवण ज्यास झाली तो थैली सांभाळणारा यहूदा होता. प्रीतीच्या कृत्याचा हिशेब मांडणारा मनुष्य नेहमीच गरिबांचा कैवारी असतो असे नाही. शिवाय ज्या मंडळीने रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारखा, महाराष्ट्र ज्यांस 'फुलांमुलांचे कवी' म्हणतो असा पुरुष पाहिला, तिने फुलांशी वैर धरणे शोभणार नाही. तेव्हा काटकसर हे गुच्छ सोडण्याचे एक कारण असेल. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही.

त्या मुलीचे कारण तर निराळेच होते. ते आम्हांस काही दिवसांनी तिच्या मामाकडून कळले. थोरल्या बहिणीच्या विवाहात गुच्छ मुलीच्या हाती देण्यास आई पुढे झाली, तेव्हा नात्यातील एका वडील बाईने हलकेच तो तिच्या हातातून घेतला व म्हटले, "तू राहू दे, दुसरी कोणी देईल." ती बाई दुष्ट नव्हती. लहानपणापासून जे पाहिले तेच तिने केले. विधवेच्या हातचे फूल वधूस नको, ही समजूत बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेली असे आपण मानतो. पण ती आपल्या घरांच्या कोपऱ्यांत अजून बसलेली आहे. आमचाही दोष येथे कबूल करतो. वधूचे स्वागत करण्यास "सुवासिनींनी पुढे यावे" असे आम्ही स्वतः कित्येक विवाहांत मोठ्याने सांगितले आहे, आणि त्या शब्दाने मागच्या रांगेतील कोण कोण बाया जागच्या जागी खिळून राहिल्या, हे कधी वळून पाहिले नाही.

ही मुलगी राहते त्या कर्वेनगरानेच आम्हांस याची आठवण द्यावी, हे नवल आहे. आज तेथे इमारतींची दाटी व वाहनांचा गोंगाट आहे. परंतु हे पूर्वीचे हिंगणे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांनी सन १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेला आश्रम सन १९०० मध्ये तेथे, शहराबाहेरच्या माळावर, एका झोपडीत नेला. दिवसभर शिकवून सायंकाळी चिखलातून पायी ते हिंगण्यास जात. त्यापूर्वी, ता. ११ मार्च १८९३ रोजी, त्यांनी गोदूबाई नावाच्या विधवेशी विवाह केला होता. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. विधवाविवाहाचा कायदा सन १८५६ मध्येच झाला होता; तरी सदतीस वर्षांनंतरही या विवाहासाठी मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पुढे हीच गोदूबाई आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे झाली, आणि 'माझे पुराण' या नावाने तिने आपले चरित्र लिहून ठेवले.

त्या काळच्या विधवेपासून काय काय काढून घेतले जाई? कुंकू, बांगड्या, पुष्कळ घरांत केस, आणि केसांबरोबर फूल. फूल हा तिच्या दृष्टीने केवळ शृंगार नव्हता. आपण माणसांत आहोत याची ती खूण होती. ती खूण काढून घेण्याची चाल अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेस सन २०२२ च्या मे महिन्यात या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांस त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ज्या स्त्रीस फूल नाकारले गेले तिच्यापुढे आपण "फुले ही व्यर्थ आहेत" असा उपदेश करू लागलो, तर तो उपदेश क्रूर होईल. जे दुसऱ्यापासून हिरावून घेतले आहे त्याचा त्याग करण्यास तिला सांगणे न्यायाचे नव्हे.

मग फुलांवाचून दुसरे काय घ्यावे, हा विचार सोडून द्यावा काय? नाही. आम्हांस वाटते, हातातील वस्तूविषयी तीन प्रश्न विचारावे. ती कोणाच्या हातून आली? तिच्यामुळे कोणी उणे ठरते काय? आणि विधी संपल्यावर ती कोठे जाते?

या कसोटीस काही गोष्टी लावून पाहू. पवित्र शास्त्राची प्रत रेशमी फितीने बांधून हाती धरण्याची चाल चांगली आहे. तथापि ती प्रत आजीच्या वापरातील, पाने मळलेली असेल तर तिच्यात जो अर्थ आहे, तो छायाचित्रासाठी आणलेल्या कोऱ्या पांढऱ्या पुस्तकात नाही. दिवा किंवा मेणबत्ती हीही योग्य. दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोरे जाणाऱ्यांच्या हाती दिवेच होते. मात्र पदर सांभाळावा. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांची फुले मंडळीतील बायांनी मिळून शिवली, तर प्रत्येक टाक्याबरोबर एकीचा आशीर्वाद त्यात जातो. कागदाची फुले मुले आनंदाने करतात. प्लास्टिकची फुले मात्र आम्हांस मुळीच पसंत नाहीत. ती कोमेजत नाहीत हे खरे, पण ती कधी जिवंतही नव्हती. आणि विवाहाच्या दिवशी तरी हातात खोटे असू नये.

आमच्या खेडोपाडीच्या वाचकांस आणखी एक वस्तू सुचवितो. ती त्यांच्या घरीच आहे. ती म्हणजे धान्याची कणसे. ज्वारीची कणसे, गव्हाच्या ओंब्या, मावळात असाल तर भाताच्या लोंब्या लांब देठासह कापून, जुडी बांधून, सावलीत उलट्या टांगून वाळविल्या म्हणजे महिनोन्‌महिने टिकतात. आपल्या देशात वधूची ओटी धान्यानेच भरतात व अक्षताही तांदळाच्याच टाकतात. तेव्हा ही गोष्ट परकी नाही. रूथेची कथा सर्वांस ठाऊक आहे. ती विधवा, परदेशी व गरीब; बवाजाच्या खळ्यावरून ती परत निघाली तेव्हा तिच्या ओढणीत सहा मापे जव होते. पुनर्विवाहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या स्त्रीच्या हाती धान्य होते, आणि ते तिने आपल्या विधवा सासूपुढे नेऊन ठेवले. वधूच्या हातात शोभेल असे याहून सुंदर आम्हांस काही आठवत नाही.

कोणी म्हणेल, "आमचा फुलांचा मळा आहे, सर्वांनी कणसे धरली तर आमची शेवंती कोण घेईल?" हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही फुलांवर बंदी घालीत नाही. आपल्या भावाच्या शेतातील शेवंती किंवा झेंडू यांची जुडी तिन्ही प्रश्नांस उत्तम उत्तर देईल. दुसराही धोका सांगून ठेवतो. मणी, मोती, चांदीच्या पिना यांचे गुच्छ हल्ली होऊ लागले आहेत, व त्यांची किंमत कधी कधी फुलांच्या कितीतरी पट असते. साधेपणाचेही प्रदर्शन मांडता येते. शेजारणीपेक्षा निराळे काही हाती असावे एवढ्याचसाठी फुले सोडली, तर काही सोडले असे होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे. ता. २६ एप्रिल १९२३ रोजी लंडनमध्ये एलिझाबेथ बोझ-लायन हिचा विवाह राजपुत्राशी झाला. तिचा भाऊ सन १९१५ मध्ये लढाईत पडला होता. मंदिरात प्रवेश करताना तिने आपला गुच्छ अनाम सैनिकाच्या कबरीवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी वेदीकडे गेली. तो गुच्छ फुलांचाच होता; परंतु तो तिने स्वतःसाठी राखला नाही. पाठमोरे उभे राहून कुमारिकांच्या घोळक्यात गुच्छ फेकण्यापेक्षा ही रीत किती थोर!

आम्ही त्या मुलीच्या घरी पुन्हा गेलो व आपले घाईचे उत्तर परत घेतले. आम्ही म्हणालो, "हातात काय घ्यावे हे तू ठरीव, पण ते तुझ्या हाती आईनेच द्यावे, आणि तेही सर्वांदेखत." आई म्हणाली, "लोक काय म्हणतील, पाळकसाहेब?" आम्ही म्हणालो, "जे म्हणतील त्यांस आम्ही उत्तर देऊ."

विवाहाच्या दिवशी मामाच्या शेतातील ज्वारीची सात कणसे, आईच्या जुन्या पातळाच्या काठाने बांधलेली, मंदिराच्या दारात आईने मुलीच्या हाती दिली. त्या दिवशी आम्ही सुवासिनींस हाक मारली नाही. "मंडळीतील सर्व बायांनी पुढे यावे" एवढेच म्हणालो. थोडा वेळ कोणी हलले नाही. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली, आणि तिच्यामागून बाकीच्या आल्या. मुलीने आपल्या वेणीतील मोगऱ्याचा एक पदर सोडून आईच्या केसांत खोवला. आईने हात वर नेला. आम्हांस वाटले ती तो काढून टाकणार. तिने तो नुसता चाचपून पाहिला, व हात खाली घेतला.

ती कणसे आता त्यांच्या सज्जात टांगलेली आहेत, आणि कर्वेनगरच्या चिमण्या ती वेचून खातात असे ऐकतो. ज्यांच्या घरी यंदा विवाह आहे त्यांनी फुले घ्यावी की कणसे, हे आम्ही सांगणार नाही. ती देण्यास आपण कोणास बोलाविणार व कोणास मागे ठेवणार, एवढे मात्र त्यांनी पत्रिका छापण्यापूर्वी घरी बसून ठरवावे.