गव्हाचा डबा

जवळ पैसे असताना ‘नाहीत’ म्हणणे हे पाप की पुण्य? एवढा गहन प्रश्न बँकेतल्या कारकुनाला पडू नये. पण पडला खरा, आणि पाडला तो माझ्या भाच्याने. हा भाचा पुण्यात बसून लिनक्सचे डिस्क ड्रायव्हर दुरुस्त करतो. (‘ड्रायव्हर’ ऐकून आमच्या आईने काळजीने विचारले होते, “रात्रपाळी असते का रे?”)

परवा जेवताना त्याने आपले दुखणे सांगितले. मेमरी भरत आली की कर्नल, म्हणजे तिथला कारभारी, बदललेली पाने डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. लिहिणार ड्रायव्हर. पण त्यालाही कामाची चिठ्ठी फाडायला थोडी मेमरी लागते. तो मागतो. कर्नल म्हणतो, “थांब, जागा करतो,” आणि पाने लिहायला देतो कुणाला? त्याच ड्रायव्हरला! दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. मशीन गार.

मला नवल वाटले नाही. नोव्हेंबर २०१६, नोटाबंदीचे दिवस. वडिलांना रात्री ॲडमिट केले. आठ हजार रोख हवे होते. दिवसभर लोकांना नोटा मोजून देणारा मी, माझे पाकीट रिकामे! शेजारच्या तात्यांकडे गेलो. “बसा, आत्ता आणतो,” म्हणून ते मागल्या दाराने गेले ते थेट आमच्याच घरी, हिच्याकडे उसने मागायला! माझी अब्रू राहावी म्हणून भल्या माणसाने माझे नावही घेतले नाही. ही म्हणाली, “नाहीत हो.” तात्या मान खाली घालून परतले, मीही. घरी येतो तो हिने गव्हाचा डबा उपडा केलेला. सगळ्या शंभराच्या नोटा!

दिवाळीत टीव्हीसाठी मागितले तेव्हाही हिच्याकडे दमडी नव्हती.

भाच्याची दुरुस्ती दोन कलमी. एक, मागणीवर ‘नोआयओ’ असा शेरा मारायचा : वाट बघेन, पण माझ्यासाठी डिस्कला कामाला लावू नका. दोन, ‘मेमपूल’ : काही तुकडे आधीच बाजूला काढायचे. एरवी बाहेर मागायचे. न मिळाले तरच डब्यात हात घालायचा. काम झाले की आधी डबा भरायचा. डबाही रिकामा असेल तर आधीचा तुकडा परत येईपर्यंत थांबायचे.

म्हणजे डब्यातले पैसे हिचे नव्हते, माझेही नव्हते. त्या रात्रीचे होते. मग ‘नाहीत’ हे खोटे कसे? मी निर्धास्त झालो. पण वरणभात कालवताना खडा लागावा तसे मनात आले, त्या रात्री तात्यांच्याच घरी कुणी आजारी असते तर?

भाच्याला विचारले. तो म्हणाला, “मामा, एकच पूल दोघांत ठेवला की पुन्हा अडतं. ज्याचा त्याचा वेगळा लागतो.”

ही काही बोलली नाही. फक्त फळीवरच्या ज्वारीच्या डब्याकडे बघितले. तो डबा त्या रात्रीनंतर आला आहे, आणि आमच्या घरी ज्वारी कुणी खात नाही.