पाकिटातली रक्कम

मानधन हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात मान आधी येतो, धन नंतर. आणि पुष्कळदा मान पोहोचतो, धन वाटेत अडकतं.

महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात छोटं मराठी मंडळ आहे. मी तिथे काही वर्षं खजिनदार होतो. मांडववाला आणि माइकवाला निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय सामान उतरवत नसत. गायिकेला किंवा कीर्तनकाराला मात्र कार्यक्रम संपल्यावर शाल, श्रीफळ आणि बंद पाकीट. आत किती, हे त्यांना घरी गेल्यावर कळायचं. ‘तुम्ही द्याल ते’ असं तेच म्हणतात, हा आमचा बचाव. त्यांना दुसरं काही म्हणण्याची सोय आम्ही ठेवली होती का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

एका तबलजींनी ते पाकीट माझ्यासमोरच उघडलं. नोटा मोजल्या आणि शांतपणे विचारलं, “गाडीभाडं यातच का?” आजूबाजूच्यांना ते असभ्य वाटलं. मलाही वाटलं, कबूल करतो.

नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं तिथे येऊन बसतात, घासाघीस करतात, सुपारी देतात. तो पैसाही वर्गणीचाच, आणि कमिटीलाही त्यात नफा कमवायचा नसतो. पण आकडा तोंडावर बोलला जातो. आम्ही पांढरपेशे ज्याला बाजारूपणा म्हणून नाक मुरडतो, त्यात फडमालकाला निदान ‘परवडत नाही’ म्हणता येतं.

उघड ठरलेला आकडा न्याय्यच असतो, असं नाही. फडातल्या कलावंताची उचल हंगामामागून हंगाम फिटत नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक होतं. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा रुग्णालयाचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. मानाला तिथे काय कमी होती?

मी कार्यकारिणीत सुचवलं की रक्कम आधी पत्रात लिहावी, प्रवासखर्च वेगळा द्यावा. हिशोब मांडला तेव्हा वर्षाचे सहा कार्यक्रम चारावर येत होते. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, “मग ज्या दोन नवोदितांना आपण संधी दिली असती, त्यांचं काय?”

प्रश्न खोटा नव्हता. व्यासपीठ मिळावं म्हणून फुकट गाणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींना त्याचा उपयोगही झाला आहे. पण ती संधी आम्ही कुणाच्या पैशानं देत होतो? रजा त्या मुलांची, रियाज त्यांचा, तिकीटही त्यांचंच. सभागृहाच्या दारावर देणगीदारांची यादी लावलेली असे. खरा हिशोब केला असता, तर निम्मी नावं कलावंतांचीच निघाली असती. फरक एवढाच की देणगी द्यायची का, हे आम्ही त्यांना विचारलं नव्हतं.

ठराव दोन मतांनी मंजूर झाला. पहिलं पत्र मी त्या तबलजींना लिहिलं, आकड्यासकट. आठवड्यानं उत्तर आलं: दीडपट हवेत. मी हिशोबाची वही पुन्हा उघडली, दोनदा बेरीज केली. जमण्यासारखं नव्हतं, तसं त्यांना कळवलं.

ते आले नाहीत.