शंकासमाधान : विस्तव आधी कुणाच्या दारात?

शंका : काका, आम्ही धारणी तालुक्यातले. घर कोरकू, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती मंडळीत. माझा धाकटा मुलगा वाळत चालला आहे, अंगात ताप असतो. मागे प्रार्थनासभेला बाहेरगावचे एक भाऊ संदेश द्यायला आले होते. सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, या घरात लपलेलं पाप आहे, देव तुम्हाला अग्नीतून शुद्ध करतो आहे, औषधांवर भिस्त ठेवू नका. आता सासरचे सगळे माझ्याकडेच बघतात. भविष्यवाणीवर शंका घेतली तर पवित्र आत्म्याचा अपमान होतो का?

समाधान : ताई, बाकीचं नंतर वाचा. मुलाला आजच धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या, वजन करून घ्या, आणि भरती व्हा म्हणाले तर रोज बुडतो म्हणून परत फिरू नका. चालू औषध बंद करू नका. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता तेव्हा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधायला सांगणारा खुद्द यशया संदेष्टा होता. त्याला औषधाची लाज वाटली नाही.

आता पापाचं. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. योहानाच्या नवव्या अध्यायात हे आहे, घरात मोठ्याने वाचा, सासूबाईंनाही बसवा. तुमच्याकडे बोट दाखवणाऱ्या भावांनी शिष्यांचा प्रश्न उचलला आणि गुरूचं उत्तर तिथेच सोडलं.

खरं सांगायचं तर लेकरू आजारी पडलं की दोष घरातल्या बाईवर टाकायला मेळघाटात बाहेरच्या वक्त्याची गरज कधी पडली नाही. कुणाची तरी नजर लागली म्हणायचं, लेकराच्या पोटावर तापल्या लोखंडाचा डंबा द्यायचा, हे आपण पाहिलेलं आहे. आता तर गावात झाडपाला-मंत्र करणारे काही भुमका स्वतःच रोग्याला दवाखान्याची वाट दाखवतात. अशा वेळी मंडळीतल्या माणसाने औषध सोडायला सांगावं, याला काय म्हणावं?

अग्नीचा दाखला शास्त्रात आहे, पण तो नीट वाचायला हवा. जुन्या काळी चांदी शुद्ध करताना तिच्यात शिसं घालत. भाता मारून हवा दिली की तापलेलं शिसं हिणकस धातू आपल्यात ओढून घेई आणि चांदी मागे उरे. या कामात बसून राहावं लागतं, सारखी नजर ठेवावी लागते. मलाखीने देवाचं चित्र असंच काढलं आहे : चांदी शुद्ध करणारा बसलेला. भट्टी पेटवून दुसऱ्या गावाला निघून जाणारा नाही. तुमच्याकडे आलेले भाऊ संदेश देऊन गेले. मुलगा कसा आहे, हे विचारायला परत आले का?

त्याच मलाखीत पुढे पाहा. भट्टीत पहिल्यांदा कोण जातं? लेवीचे वंशज, म्हणजे वेदीपाशी सेवा करणारे, आपल्या भाषेत पाळक आणि उपदेशक. आंधळी-लंगडी जनावरं अर्पणाला चालवून घेणारे हेच लोक होते. न्याय देवाच्या घरापासून सुरू होतो, असं पेत्रानेही लिहिलं आहे. म्हणून संदेश ऐकताना पहिली पारख ही करा की शब्दांचा चटका बोलणाऱ्याला स्वतःला बसतो आहे, की फक्त सभेतल्या सगळ्यांत दुबळ्या बाईला?

यिर्मयाला तर देवाने पारखी नेमलं होतं. सहाव्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की भाता फुंकून झाला, शिसं जळून गेलं, तरी हीण सुटलं नाही. म्हणजे नुसती आग झाली म्हणून शुद्धी झाली असं धरता येत नाही. त्रास झाला की लगेच ‘देव शुद्ध करतो आहे’ म्हणणाऱ्यांना मी हा अध्याय वाचायला सांगतो. ते फारसे खूश होत नाहीत.

आणि अपमानाची भीती सोडा. पौलाने थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन गोष्टी सांगितल्या : संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळं पारखून घ्या. करिंथच्या मंडळीत संदेष्टे बोलत तेव्हा बाकीच्यांनी तोलून पाहायचं, असा नियमच त्याने घालून दिला. न तोलता मान डोलावणं म्हणजे ती आज्ञा मोडणं. मंडळीच्या वडीलजनांना सांगा, आरोप सभेत झाला आहे, तो तोलायचाही सभेतच.

शंका : आमच्याकडे काही उपदेशक दर वेळी होळी, फगवा, मेघनाथ या आपल्या सण-जत्रांवरच न्यायाचा संदेश देतात. माझे मामा अजून मेघनाथाच्या जत्रेला जातात. संदेष्ट्याचं काम हेच असतं का?

समाधान : भाऊ, आमोस संदेष्ट्याची पहिली दोन प्रकरणं वाचा. तो दिमिष्कापासून सुरुवात करतो, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. शेजाऱ्यांचे अपराध ऐकताना इस्राएली श्रोते नक्की माना डोलावत असतील. मग तो यहूदावर येतो आणि शेवटी त्यांच्याच अंगणात उतरतो : चांदीसाठी नीतिमानाला आणि वहाणांच्या जोडीसाठी गरिबाला विकणारे तुम्ही. तुमचे उपदेशक गज्जापर्यंत येऊन थांबतात. पुढचं अवघड असतं, कारण ऐकणारे समोर बसलेले असतात.

मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात भट्टीनंतर येणारं पाचवं वचन मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर आहे, विधवा, पोरके आणि परके यांना छळणाऱ्यांवर आहे. धारणीत हे वचन कळायला टीका लागत नाही. होळी झाली की घरंच्या घरं कुलपं लावून वीटभट्ट्यांवर, बाहेरच्या कामांवर जातात, आणि मुकादमाने उचल किती धरली, हिशेब काय केला, हे परत आल्यावर कळतं. मुकादम रविवारी पहिल्या बाकावर बसत असेल तर त्याच्या वहीबद्दल एखादा संदेश व्हायला हरकत नव्हती. तुमच्या मामांनी कुणाची मजुरी बुडवली असेल असं मला वाटत नाही.

शुद्धीची आग महाराष्ट्राने पाहिलेली आहे. 1905 च्या जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मुलींना प्रार्थनेत अंगात अग्नी शिरल्यासारखा अनुभव आला. मिनी अब्राम्स यांनी पुढच्या वर्षी त्यावर पुस्तिका लिहिली, आणि तिथे काय घडतं आहे ते पाहायला जवळच्या दौंडहून मिशनरी आल्बर्ट नॉर्टन आले. हे तेच नॉर्टन, ज्यांनी आधी आपल्या एलिचपूरकडे, म्हणजे आजच्या अचलपूरकडे, कोरकूंमध्ये काम केलं होतं. गोंधळ, रडणं, ओरडणं यांवर तेव्हाही टीका झाली आणि ती सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या मुली पापं कबूल करत होत्या ती स्वतःची. आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवू घालणं, शिकवणं हे मुक्तीचं काम त्या आगीनंतरही चालूच राहिलं.

शंका : भविष्यवाणी सांगून एकाने ‘बीज अर्पण’ म्हणून माझ्याकडून बकरी विकून पैसे घेतले. परत मागावे का?

समाधान : मागा. मीखाने पैशासाठी शकुन सांगणाऱ्या संदेष्ट्यांना नावं ठेवली आहेत. सुरुवातीच्या मंडळ्यांच्या ‘दिदाखे’ या नियमपुस्तकात तर आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा, असं सरळ ठरवलं आहे. त्यात आणखी एक गमतीचा नियम आहे : आत्म्यात येऊन जेवणाचं ताट मांडायला सांगणाऱ्याने त्या ताटातलं स्वतः खायचं नाही.

पावती नसेल तरी चालेल. आधी एकट्याने भेटा. नाही ऐकलं तर मंडळीतले दोन साक्षीदार सोबत न्या, आणि बकरी कुणाला, केवढ्याला विकली ते कागदावर लिहून ठेवा.