गरिबांना थंडी कमी वाजते का?



या वेळी "दान" या विषयावर काहीतरी लिही, असं मला सांगण्यात आलं. मी काही अभ्यासक नाही. बैहरला माझं छोटंसं दुकान आहे आणि घरी साडेपाच वर्षांची एक मुलगी आहे. तेव्हा ग्रंथातलं मोठं सांगण्यापेक्षा मागच्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या घरात जे घडलं, तेच सांगतो. त्यात चूक माझी आहे. पण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. बैहर म्हणजे बालाघाट जिल्ह्यातलं, मैकलच्या डोंगरातलं तालुक्याचं गाव. कान्हाच्या जंगलाचं मुक्की गेट आमच्याच बाजूला. आजूबाजूला सालाचं रान, आणि त्या रानाच्या कडेने गोंड आणि बैगा लोकांची गावं. दिवाळी सरली की इथली थंडी अंगात शिरते. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे आमच्या पोरीचा एक प्रश्न मराठीत सुरू होतो आणि हिंदीत संपतो. आणि प्रश्नांना अंतच नाही.

रविवारी दुकान अर्धा दिवस बंद असतं. त्या दिवशी आम्ही दोघं बाप-लेक घरातलं काहीतरी काम काढतो. कधी सायकलचं पंक्चर, कधी चिमण्यांसाठी पाण्याचं भांडं टांगायचं, कधी फळी ठोकायची. मी काम करतो आणि ती विचारते. भिंतीत खिळा मारला तर म्हणाली, "बाबा, खिळा आत गेला, मग तिथली माती कुठे गेली?" चाळीस वर्षांत मी शेकड्याने खिळे ठोकले असतील. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दिवाळीच्या आधी मागच्या खोलीला चुना मारायचा होता. मी कळीचा चुना आणला, जुन्या ड्रमात पाणी घातलं आणि तिला लांब ओट्यावर बसवून म्हटलं, "इथून हलायचं नाही, मी चुना विझवतोय." पाणी पडताच चुना फसफसायला लागला, वाफा निघाल्या. ती ओट्यावरून ओरडली, "बाबा, तुम्ही म्हणता विझवतोय. पण आग तर कुठेच नव्हती!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूर्वीचा मी असतो तर "मोठी झालीस की कळेल" म्हणून मोकळा झालो असतो. या वेळी म्हटलं, "मला माहीत नाही, विचारू या." शेजारचे म्हातारे मिस्त्री आले होते. ते म्हणाले, "बेटा, आग भट्टीत होती. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला, तेव्हा ती ताकद त्याच्या पोटात बसली. पाणी मिळालं की बाहेर पडते." पुढे मी वाचून पाहिलं. भाजताना दगडातला वायू निघून जातो. पाण्यात विझवलेला चुना भिंतीवर लावला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. हे कळलं तेव्हा मला पोरीइतकाच आनंद झाला. इथवर सगळं छान चाललं होतं. मनात म्हटलंही, आपण बाप म्हणून बरे आहोत.

मग माळा काढला.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर आपल्या गटातर्फे जंगलाकडच्या गावांत कपडे वाटायला नेतात, हे आपल्याला माहीत आहेच. मी पोतं उघडून बसलो आणि भराभर भरायला लागलो. विटलेल्या साड्या, आईची मधोमध विरलेली चादर, एका पायाची बाहुली. पोरगी शेजारी बसून एकेक वस्तू बघत होती. तिचा स्वतःचा जुना निळा स्वेटर मी पोत्यात टाकला, तो तिने परत बाहेर काढला.

"बाबा, याची चेन लागत नाही ना?"

"नाही लागत."

"म्हणून आपण देतोय?"

"हो. आणि तुला लहान पण होतो."

"मग ती मुलगी चेन कशी लावेल?"

मी घाईत होतो. तोंडातून निघून गेलं, "अगं, गरिबांना चालतं तसं."

ती थोडा वेळ गप्प बसली. चेष्टा करत नव्हती, खरंच विचार करत होती. मग म्हणाली, "गरिबांना थंडी कमी वाजते का?"

बंधू-भगिनींनो, मला राग आला. खूप आला. मी ओरडलो, "किती प्रश्न विचारशील! जा आईजवळ." ती स्वेटर तिथेच ठेवून उठून गेली. मी पोत्याचं तोंड सुतळीने बांधून टाकलं.

संध्याकाळी देवापाशी बसलो, पण मन लागेना. चुन्याचा प्रश्न विचारला तेव्हा मला कौतुक वाटलं, आणि स्वेटरचा विचारला तेव्हा संताप का आला? विचारणारी तीच, आवाजही तोच. फरक एवढाच की पहिल्या प्रश्नाने माझं अज्ञान उघडं पडलं, दुसऱ्याने माझं खोटं. अज्ञान उघडं पडलं तर माणूस हसून घेतो. खोटं उघडं पडलं की तो समोरच्याला "जा आईजवळ" म्हणतो.

तेव्हा कठोपनिषदातला नचिकेत आठवला. गोष्ट आपण सगळ्यांनी सत्संगात ऐकली आहे. वाजश्रवसाने सर्वस्व दान करायचा यज्ञ मांडला, आणि दानाला ज्या गाई काढल्या त्या होत्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, ज्यांचं शेवटचं गवत खाऊन झालंय आणि शेवटचं पाणी पिऊन झालंय अशा. लहानग्या नचिकेताने ते पाहिलं आणि विचारलं, "बाबा, मला कोणाला देणार?" एकदा नाही, तीनदा. बाप चिडून म्हणाला, "तुला मृत्यूला देतो."

मी ही गोष्ट कितीतरी वेळा ऐकली, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात नचिकेताच्या बाजूने उभा राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी तर वाजश्रवस आहे. माझं पोतं म्हणजेच त्या गाई होत्या.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की जुनं दिलं म्हणून काय बिघडलं? आपण काही श्रीमंत नाही, दरवर्षी नवं कुठून आणायचं? चांगला धडधाकट कपडा टाकून देणं हेही पाप आहे. लहानपणी मोठ्या भावाचे कपडे घालूनच आपण वाढलो. हे मला पटतं. पण मोठ्या भावाचा शर्ट आपल्याला देताना आई काय करायची? उसवलेलं शिवायची, तुटलेलं बटण लावायची, धुऊन उन्हात वाळवायची आणि मगच द्यायची. तिथे "चालतं तसं" हा शब्द नव्हता. म्हणजे प्रश्न जुन्या-नव्याचा नाहीच. देताना ज्याला देतो तो आपल्या डोळ्यांपुढे आहे का, एवढाच आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत, त्यात समोरच्याचा मान न ठेवता, तुच्छतेने दिलेलं दान तामस म्हटलंय. वस्तू किती किमतीची, हे तिथे विचारलेलं नाही.

आणखी एक गोष्ट टोचली. बाजारात हेच लोक कोदो-कुटकी विकायला बसतात. तेव्हा आपण दाणा तळहातावर घेतो, फुंकतो, खडा दिसला तर भाव पाडतो. त्यांचं घेताना इतकी पारख, आणि त्यांना देताना एकदा चेन लावून बघायलाही वेळ नाही?

ताराबाई मोडकांचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. बालशिक्षणात त्यांनी मोठं नाव कमावलं होतं, आणि तरी १९४५ साली त्या बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या गावात, गरीब घरच्या मुलांसाठी बालवाडी चालवायला गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ त्यात आहे. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं शिकवायचं सामान. ते फुकटचं होतं, पण उरलंसुरलं नव्हतं. मुलाच्या हाताला काय हवं ते बघून, निवडून घेतलेलं होतं. शहरातल्या मुलाला जे चांगलं, तेच या मुलालाही, असा तो हिशेब. साध्या वस्तूतही मान कसा ठेवता येतो, हे त्यांच्याकडून शिकावं.

रात्री मी पोरीला जवळ घेतलं. खरं सांगतो, दुकानात गिऱ्हाइकाला "माफ करा" म्हणणं सोपं, स्वतःच्या पोरीला म्हणताना जीभ जड होते. म्हटलं, "मघाशी मी तुझ्यावर ओरडलो. तुझं चुकलं म्हणून नाही ओरडलो. तुझं बरोबर होतं म्हणून ओरडलो." तिला हे फार चमत्कारिक वाटलं. म्हणाली, "मग माझं चूक असेल तेव्हा काय करता?"

ती म्हणाली, मी माझा नवा लाल स्वेटर देते. मी लगेच हो म्हणणार होतो, पण बायकोने अडवलं. म्हणाली, "तिच्याकडे थंडीला तेवढा एकच आहे. तुमच्या मनाची टोचणी काढायला पोरीचा स्वेटर कशाला?" तिचं खरं होतं. चूक माझी, तर भरपाईही मीच करायला हवी.

दुसऱ्या दिवशी पोतं पुन्हा सोडलं. निम्मं सामान पुसायच्या फडक्यांत गेलं. बाकीचं धुतलं, बायकोने बटणं लावली. निळा स्वेटर आम्ही दोघं टेलरकडे घेऊन गेलो, नवी चेन बसवली, चाळीस रुपये लागले. माझ्या कपड्यांतली एक चांगली शाल मी त्यात घातली. पोतं अर्धंच भरलं. दरवर्षी मी तीन पोती पाठवायचो आणि यादीत माझं नाव वरती असायचं. या वर्षी खाली होतं.

वाटायला पोरीलाही नेलं. एका बाईने तो निळा स्वेटर हातात घेतला आणि आधी चेन खाली-वर ओढून पाहिली, एकदा नाही, दोनदा. मगच लेकीच्या अंगावर घातला. माझ्या पोटात खड्डा पडला. म्हणजे इतकी वर्षं ते लोक तपासून बघतच होते. आम्ही काय देतो हे त्यांना नीट माहीत होतं, आणि तरी कोणी कधी तोंडावर बोललं नव्हतं.

घरातली मोठी माणसं म्हणतील, मुलांनी असं उलट विचारलेलं बरं का? पण नचिकेताच्या मनात श्रद्धा उत्पन्न झाली म्हणून तो विचारता झाला, असं उपनिषद सांगतं. अश्रद्धेने नाही. आणि यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिल्यावर पहिला वर त्याने कोणता मागितला? माझ्या वडिलांचा राग शांत होऊ दे. मूल बापाला हरवायला विचारत नाही. आपला बाप खरा असावा, म्हणून विचारतं. गीतेनेही ज्ञान मिळवण्याच्या वाटेवर नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न ठेवलाय. गुरूंपुढे बसून आपण शंका विचारतो. तीच मुभा घरातल्या लहान जिवाला द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा या महिन्यासाठी तीन साधे नेम सुचवतो.

पहिला: द्यायच्या पोत्यात वस्तू टाकण्याआधी स्वतःला विचारा, ही उद्या सकाळी माझ्याच मुलाला घालीन का? नाही असं उत्तर आलं तर ती दुरुस्त करा, नाहीतर घरातच फडकं करा.

दुसरा: आठवड्यातून एक काम मुलासोबत करा. उशीर होईल, सांडासांड होईल, होऊ द्या. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, बघू या" म्हणा.

तिसरा: मुलाच्या प्रश्नाने राग आला तर बोलण्याआधी क्षणभर थांबा. तो राग बहुतेक वेळा आपल्याच कुठल्यातरी दुधाआटल्या गाईचा असतो.

खिळ्याच्या मातीचं उत्तर मी तिला दिलं. थोडी खाली सांडते, बाकीची आजूबाजूला दबून बसते. थंडीचं उत्तर मात्र तोंडी देऊन भागत नाही. ते दरवर्षी पोतं भरताना नव्याने द्यावं लागतं. या वर्षीचं भरायला घेतलंय, आणि ती शेजारी बसली आहे.

चूकभूल माफ असावी. जय गुरुदेव.