संसारासाठी उपसलेले कष्ट

गेल्या महिन्यात आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचे देहावसान झाले. त्यांच्या कन्येने पत्रिकेसाठी चार ओळी मागितल्या, आणि लेखणी हाती घेतल्यावर आम्ही अडलो. दिवंगतांविषयी लिहिण्याचा आमचा एक साचा ठरून गेला आहे: अमुक मंडळाचे सभासद, अमुक कार्यास अमुक देणगी. या गृहस्थांच्या आयुष्यात त्या साच्यात बसेल असे काहीच सापडेना. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत ते पस्तीस वर्षे राबले, मुले शिकविली, निवृत्त झाले, एवढेच. तेव्हा प्रश्न पडला की, केवळ आपल्या माणसांसाठी उपसलेल्या कष्टांना पुण्य म्हणावे काय?

शंकेखोर म्हणेल, चिमणीसुद्धा पिलांना चारा घालते, त्यात विशेष ते कोणते? ही शंका हसून टाळण्याजोगी नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाश्रमास वायूची उपमा दिली आहे; प्राणिमात्र वायूवर जगतात तसे इतर आश्रम गृहस्थावर जगतात, असा तिचा आशय. परंतु ही स्तुती आश्रमाची झाली, माणसाची नव्हे. माणसाचेच उदाहरण हवे असेल तर अरणच्या सावता माळ्यांचे घ्यावे. १२९५ साली समाधिस्थ झालेल्या या संताने मळा सोडून पंढरीची वाट धरली नाही. पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला अशी कथा आहे, आणि पंढरपूरची पालखी आजही अरणास भेटीला जाते. तरीही मनात येते ते लपविण्यात अर्थ नाही. सावतोबांचे अभंग उरले म्हणून त्यांचा मळा आपणांस ठाऊक. शेजारच्या मळ्यात तितकाच घाम गाळणारा, पण एकही ओळ न रचणारा जो कोणी असेल, त्याच्याकडे कोणती पालखी गेली?

आमच्या या गृहस्थांचे काम होते पोकळी भरण्याचे. खनिज काढून घेतल्यावर भूगर्भात रिकामी जागा उरते. ती तशीच राहिली तर वरचा खडक ढासळावयाचा. म्हणून नदीची वाळू पाण्याच्या जोराने नळांवाटे आत सोडून ती जागा भरून काढतात. भरलेली जागा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. १९७७ साली खाणीची कंपनी पूर्णपणे सरकारी झाली तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. त्यांची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. "दिवसा बाबा झोपत आणि आम्ही कुजबुजत खेळत असू," असे त्यांची कन्या सांगते. आई दुपारभर दारात बसून रस्त्यावरच्या पोरांना दटावी. एकाच्या कष्टांचा हिशेब मांडताना घरातील इतरांनी भरलेली ही किंमत आपण सहसा विसरतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. पुढे इथल्या अनेक घरांत मराठी टिकली ती घरच्यांच्या जिव्हाळ्यावर. पाळी दिवसाची असली की या घरात सायंकाळी मुलांकडून हरिपाठ म्हणवून घेतला जाई.

आता आमच्या पदरचा दोष सांगणे भाग आहे. एके वर्षी रामनवमीच्या उत्सवाची वर्गणी त्यांच्याकडून आली नाही. सभेत चारचौघांसमोर आम्ही त्यांना म्हणालो, "संसार कोणाला नाही हो?" ते काही बोलले नाहीत, खाली पाहून उठून गेले. वडीलबंधूंच्या पश्चात त्यांच्या दोन मुली त्याच घरात वाढत होत्या, हे आम्हांस फार उशिरा कळले. आम्ही चौकशीच केली नव्हती. आणि आज त्या चिमणीच्या उपमेकडे पाहिले की वाटते, शंकेखोराने घाई केली. 'आपली माणसे' या शब्दाची कुंपणरेषा कोणी आखावयाची? त्यांना विचारले असते तर पुतण्यांसाठी केले ते परोपकार होय, हे त्यांनी मुळीच मानले नसते. मुलीच त्या, असे म्हणाले असते. ज्याची रेषा अशी न सांगता पुढे सरकत जाते, त्याच्या कष्टांना स्वार्थ म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. पुण्य म्हणावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकारही आमचा नाही.

परवा त्यांच्या कन्येने एक पत्र्याचा डबा आणून दाखविला. त्यात शाळेच्या फीच्या पावत्या होत्या, मुलींच्या आणि पुतण्यांच्या एकत्रच बांधलेल्या. त्यांच्याच खाली आमच्या उत्सवाच्या अकरा पावत्या निघाल्या. त्या सभेनंतरच्या वर्षभरात, थोडी थोडी करून, त्यांनी ती वर्गणी पुरती फेडली होती. आम्ही घरी येऊन जुनी वही काढली. ती अकराही देणी तिथे आमच्याच अक्षरात आहेत. नाव कोठेच नाही, केवळ 'किरकोळ जमा' या सदराखाली.