हाक कुणाची, कान कुणाचा?



पावसाळ्यात वरंधा घाटात दरड कोसळणे आपल्याला नवे नाही. भोरहून महाडकडे निघालेली एखादी गाडी अशा वेळी अडकली आणि आतल्या माणसाच्या फोनला नशिबाने रेंज असली, तर तो 112 हा क्रमांक लावतो. हा फोन थेट जवळच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून जिल्ह्याकडे निरोप येतो. तिथे बसलेल्या माणसाला केळद कुठे आणि पासली कुठे, हे कसे ठाऊक असणार? फोन करणारा तर घाबरलेला असतो, त्याला वळणाची खूणही धड सांगता येत नाही. फोन कुठून आला हे यंत्राने दाखवले, तर आपण देवाचे आभारच मानू. आपली जागा सरकारला कळली म्हणून त्या घडीला कुणी तक्रार करणार नाही.

पण फोनची जागा कळण्याची सोय संकटापुरती नसते. आपला फोन कोणत्या टॉवरजवळ आहे हे कंपनीला ठाऊक असल्याशिवाय तो वाजणारच नाही. आपण मिस्सेला आलो, दवाखान्यात गेलो, कुणाच्या दारी उसने मागायला गेलो, तरी त्याची नोंद कुठेतरी होतच असते. ती कुणी, केव्हा आणि कशासाठी पाहावी?

इथे आपली मराठी थोडी मदत करते. इंग्रजीत ‘इमर्जन्सी’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत: आपत्काल आणि आणीबाणी. घाटात अडकलेल्या माणसावर येतो तो आपत्काल. सरकार जाहीर करते ती आणीबाणी, जी आपल्या वडीलधाऱ्यांनी 1975 साली पाहिली. आपत्कालात माणूस स्वतः हाक मारतो. दुसऱ्या प्रसंगी हाक कुणीच मारलेली नसते, तरी कान लावला जातो. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवून पाहण्याची मुभा 1885 च्या तार कायद्यात होती. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही तेच दोन आधार कायम आहेत.

महाराष्ट्राने या बाबतीत स्वतःचाही कायदा केला. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999 चा कायदा, ज्याला आपण मोक्का म्हणतो, त्यात संभाषणे ऐकण्याची कलमे आहेत. तार-टेलिफोन हा केंद्राचा विषय आहे, राज्याला त्यावर असा कायदा करता येत नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने 2003 साली कलमे 13 ते 16 रद्द केली. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरवली, कारण गुन्हेगारी रोखणे हे राज्याचेच काम आहे. ही कलमे सैल नाहीत. एका आदेशाची मुदत साठ दिवसांच्या पुढे जात नाही. तातडीने आधी ऐकायला सुरुवात केलीच, तर 48 तासांत रीतसर परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. आदेश तपासायला मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तरी आम्हाला वाटते की ऐकणारे आणि तपासणारे एकाच घरचे असले, की तपासणी मवाळ होण्याचा धोका राहतोच. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर तर हा प्रश्न अधिकच टोचतो.

‘कर नाही त्याला डर कशाला’ असे पुष्कळजण म्हणतात. आम्हीही म्हणत आलो. पण डोंगरातल्या एखाद्या वाडीत घरात एकच मोबाईल असतो आणि तो बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. रोज मार खाणाऱ्या त्या घरच्या बाईने तो हाती लागताच 112 लावला, तर क्रमांक फोनच्या यादीत राहतो आणि संध्याकाळी तो पाहिला जातो. तिने काहीच केलेले नाही, तरी तिला डर आहे. तिच्यावर पाळत ठेवणारा सरकारी अधिकारी नसून घरचाच माणूस आहे, एवढाच फरक. म्हणजे सुरक्षितता हवी तर खासगीपणा थोडा सोडा, हा हिशेब तिच्या बाबतीत उलटाच पडतो. खासगीपणा नाही म्हणूनच तिची हाक कुणापर्यंत पोहोचत नाही.

हे आपल्याला परके वाटू नये. पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव मोडायची नसते. त्या भरवशावरच माणूस गुडघे टेकून तोंड उघडतो. उद्या ती गुप्तता सैल झाली, तर पापे कमी होणार नाहीत, फक्त निवेदन थांबेल. इतर गुपितांसाठी कॅटेकिझम (परिच्छेद 2491) वाट थोडी मोकळी ठेवतो: गुपित राखल्याने कुणाचे फार गंभीर नुकसान होणार असेल आणि ते सांगितल्याशिवाय टळणारच नसेल, तरच ते उघड करावे. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 220 वे कलमही कुणाच्या खासगीपणाला धक्का लावू नये असे बजावते. लूकच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी माणसाने जखमी प्रवाशाला तेल-द्राक्षारस लावला आणि खाणावळीत पोहोचवले. तू कोण, कुठे निघाला होतास, असे त्याने विचारल्याची नोंद नाही.

हे सारे आम्हाला आठवले ते आपल्याच एका कामामुळे. दूरच्या वाड्यांवर एकटे राहणाऱ्या आपल्या वृद्धांची यादी पावसाळ्यापूर्वी करावी, तीत त्यांचे फोन, आजार आणि चालू औषधे लिहावीत, अशी सूचना आली. सूचना चांगली आहे. ती यादी चर्चच्या फलकावर लावावी आणि व्हॉट्सॲपच्या गटावरही टाकावी, असेही सुचवले गेले. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की नाव त्या व्यक्तीला विचारूनच घ्यायचे आणि आजार लिहायचा की नाही हे तिनेच सांगायचे. यादीच्या दोनच प्रती असतील, एक फादरांकडे आणि एक धर्मशिक्षकांकडे. दिवाळीनंतर दोन्ही फाडून टाकल्या जातील. आधार क्रमांक कुणाकडूनही घेतला जाणार नाही. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर कार्यालयात एकेकट्याने यावे. दार लोटलेले असेल.