मागची पंगत

गेल्या हिवाळ्यात वाळवे तालुक्यातील एका गावी सप्ताहात आम्ही काल्याचे कीर्तन केले. गोपाळांच्या शिदोऱ्या एक झाल्या, कोणाची भाकरी कोणती हे उरलेच नाही, असे दोन तास सांगितले. मग महाप्रसाद. उसाच्या फडावरून बीडकडील तोडणीची टोळी पोराबाळांसह आली होती. कोणी म्हणाले, "थांबा जरा माउली, आधी गावची पंगत उठू द्या." आणि आम्ही? पहिल्या पंगतीत मानाच्या पाटावर बसून खाली मान घालून जेवलो. ते जेवण अजून पचले नाही.

तिथी न पाहता येतो तो अतिथी. त्याचे गोत्र विचारू नये, असे पराशरस्मृती सांगते. मग उपयोग तरी का विचारावा? हिशेबी माणूस तोच आधी विचारतो. टोळीविना आपला बहुतेक ऊस फडातून हलत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण उपयोगापुरते स्वागत पट्टा पडला की संपते.

शेजारचेच पाहा. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्यास पोलंडचे निर्वासित आले. सुमारे ५,००० जीव, बहुतेक बायका नि मुले; रशियाने घरादारातून उचलून सैबेरियाकडे नेलेली, इराणमार्गे सुटलेली. त्यांतल्या आजाऱ्यांची सोय आपल्या पाचगणीस झाली. त्यांच्यापासून कोणाला काय नफा व्हायचा होता? पुढे त्याच छावणीच्या जागी फाळणीने उजाड झालेले सिंधी लोक वसले. ते गांधीनगर आज कापडाची मोठी पेठ आहे. सांगली-साताऱ्याचे दुकानदार तेथे माल भरतात. ही पेठ तेव्हा कोणास दिसली होती? आसरा आधी मिळाला, हिशेब मागून जुळला.

गावाचे पाणी पुरत नाही, मजुरी उतरते, ही तक्रार खोटी नव्हे. त्याची व्यवस्था सरकारने नि कारखान्याने करावी. भुकेल्याला मागे बसवून विहिरीचे पाणी काही वाढत नाही!

आणि परका म्हणजे तरी कोण? खानापूर-आटपाडीची, माण-खटावची आपलीच माणसे दुष्काळाने बाहेर पडली, सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली. परमुलखात त्यांना गाळा देणारा काही त्यांचा सोयरा नव्हता. आमच्या नामदेवरायांना पंजाबात घुमानने ठेवून घेतले. शिखांनी त्यांची ६१ पदे आपल्या ग्रंथात घेतली. तेथे कोणी त्यांना मागच्या पंगतीत बसविले असते तर?

यंदा त्याच गावचे काल्याचे निमंत्रण आले आहे. येतो, पण टोळीच्या पंगतीला आमचे पान मांडा, असे कळविले. उत्तर अजून आलेले नाही.